मेणबत्त्यांचं कपाट

डोंगरकडा

प्रिय आईस, सुमतीचा प्रभूत सलाम.

आमी बरे आहोत. पाळक म्हणून ह्यांना गाव मान देतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्या गायब होऊन राहिल्या होत्या. माझा संशय झाडलोट करणाऱ्या राहेलमावशीवर. मी कपाटाला कुलूप घातलं. रविवारी ह्यांनी दिव्यासारखं जगा म्हणून उपदेश केला, तवा मी तिच्याकडंच रोखून पाहिलं.

काल लाईट गेली, तशी मी तिच्या मागं गेले. गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या अजराबीच्या बिनखिडकीच्या खोलीत मावशी तिला चाचपडत भरवत होती.

"आज मेणबत्ती काहून न्हाई?" अजराबीनं विचारलं.

"संपल्या," मावशी म्हणाली.

तिनं माझं नाव घेतलं न्हाई. मी दारात उभी होते, हे तिला दिसलं असेल का गं? किल्ली अजून माझ्याच पदराला आहे.

तुझी लेक,
सुमती