चौथ्या बोअरची नोंद

४ ऑगस्ट
आज कामावर रुजू झालो. देखभाल प्रमुख. एवढ्या मोठ्या वसाहतीचे नळ, गटारं, पंप आता माझ्या हाताखाली. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडक्यांना पक्के गज. समोर पार्किंग, आणि पार्किंगच्या पोटात पावसाचं पाणी साठवायची टाकी, आत बस उभी राहील एवढी. दार एकच, तेवढं खाली घासतं. ही म्हणाली, तुमच्यासारखंच आहे, ढकलल्याशिवाय हलत नाही.

गंमत म्हणजे जागा ओळखीची निघाली. बावीस वर्षांपूर्वी इथे नुसतं गवत होतं आणि मी मातीपरीक्षणाच्या टोळीत नोंदी लिहायचो. तिथूनच वर आलो, कुणाचा हात न धरता.

६ ऑगस्ट
दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर जमिनीखालून ठोके. कान माझे पहिल्यापासून तिखट. चौदा. थांबून सतरा. मग एकोणीस. पंपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, पंप तर बंद आहे, तुमचंच पोट वाजत असेल. हसलो दोघंही.

पण हा आवाज मी ओळखतो. रॉडवर हातोडा पडतोय. जमिनीची परीक्षा अशीच होते. रॉड अर्धा फूट रुतायला किती ठोके लागले ते मोजायचं, असं तीनदा. ठोके जितके जास्त, जमीन तितकी घट्ट.

७ ऑगस्ट
पुन्हा तेच. चौदा, सतरा, एकोणीस.

हे आकडे कुठे पाहिलेत ते आंघोळ करताना आठवलं. पाहिलेले नाहीत, लिहिलेले आहेत. मीच. जमीन तपासायला चार बोअर, म्हणजे खोल भोकं, मारले होते. तीन चांगले लागले. चौथा, आज टाकी आहे तिच्या कडेला. तिथे रॉड ठोक्याशिवायच खाली जायला लागला. हातोडा चालवणारा मिस्त्री म्हणाला, नुसता गाळ आहे, तसंच लिही. वरच्या साहेबांना गाळ नको होता आणि मला बढती हवी होती. झाडाखाली बसून घट्ट जमिनीचे आकडे लिहून टाकले. सगळेच लिहायचे.

पुढे टाकीच्या खोदकामाच्या वेळी तोच मिस्त्री खड्ड्यात उतरेना. मीच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, कागदावर जमीन पक्की आहे, कागदाला घाबरतोस का. तो उतरला. तासाभरात कड ढासळली. दोन दिवस उकरूनही सापडला नाही.

९ ऑगस्ट
आज नऊ. सात. सात. आकडे उतरताहेत. हिला काहीच ऐकू येत नाही. टाकी उपसायला लावली. आत कुणी असेल तर दिसेल तरी.

१० ऑगस्ट
आत कुणी नाही. पण पाणी चहासारखं गढूळ येतंय. पंपवाला विचारत होता, टाकी काँक्रीटची, मग एवढी माती येते कुठून. मला कळलं. तळाला चीर आहे, आणि जिथून माती निघते तिथे पोकळी पडते. जुना नकाशा काढून मापं लावली. चौथा बोअर माझ्या पलंगाखाली.

पंप बंद करायला लावला.

११ ऑगस्ट
पंप बंद. तरी टाकीत माती येतेच आहे. पंपवाला आता थट्टा करत नाही.

चार. तीन. तीन.

हिला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत सामान हलवायचं. का, ते नाही सांगितलं.

१२ ऑगस्ट, सकाळ
ही टेम्पो ठरवायला बाहेर पडली आणि तिच्यामागे दार घट्ट अडकून बसलं. चौकट तिरकी झालीय. खांदा लावून पाहिला. गज — पक्केच आहेत.

एक ठोका. बराच वेळ — मग एक.

ही आली. पंपवाला बाहेरून पहार लावतोय. ही विचारतेय, आत तुमच्याबरोबर मोजतंय कोण.

मी मोजत नाहीये.

फरशी ओली. पलंगाचे दोन पाय खाली —

ठोके थांबले. आता रॉडचं नुसतं सरकणं. अगदी सावकाश, त्या दिवशीसारखं. त्याला नोंद हवी आहे.

लिहितो, मिस्त्री. खरी लिहितो. बोअर चौथा. पहिला अर्धा फूट, ठोके शून्य. दुसरा अर्धा फूट, ठोके शून्य. तिसरा