पंपाला करंट का नाही

२ ऑक्टोबर २०२५, दसरा
अख्खं राहाता बोनेटवर स्वस्तिक काढतं. अडाणीपणा. तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला गाडीचा प्राण कुठे असतो ते कळतं. फ्यूजबॉक्स उघडला, हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. ही म्हणाली, विजेच्या डब्यात पाणी कशाला? हिला शास्त्र कळत नाही.

११ ऑक्टोबर
गाडी स्टार्ट होईना. किरकोळ. स्नेहलचा पहिला दिवाळसण. लेक-जावयाला वीस तारखेला कोपरगावहून माझ्या गाडीतून आणणार, असं व्याह्यांना सांगितलंय. मेकॅनिक मला लागत नाही, हेही सांगितलंय.

१२ ऑक्टोबर
किल्ली फिरवली की मागच्या सीटखाली फ्यूएल पंप दोन सेकंद गुणगुणतो. आज गप्प. निदान झालं: पंप मेला. ही म्हणते, कानिफनाथला बोलवा. कानिफनाथ! नववीत सर्किटची आकृती उलटी काढायचा. आज गॅरेज चालवतो. देशाचं कठीण आहे.

१५ ऑक्टोबर
नवा पंप बसवला. तोही मुका. हल्ली काहीही विकतात.

१६ ऑक्टोबर
मल्टिमीटर आणला. पंपाच्या वायरीत बारा व्होल्ट हवेत, शून्य दाखवतो. मीटर खराब. दुसरा आणला. शून्य. अख्खा लॉटच खराब.

१८ ऑक्टोबर
सीट काढून वायर मागून पुढे तपासत आलो. फ्यूजबॉक्सपाशी थांबलो. पूजेचा डबा, तिथे दोष असणं शक्य नाही. ही म्हणाली, तिथंच बघा. दुर्लक्ष केलं.

१९ ऑक्टोबर
कानिफनाथ रस्त्यात भेटला. सर, पंपाला करंट सोडणारा रिले बघितला का, म्हणे. म्हटलं, रिले तुला शिकवला कोणी?
(बघितला नव्हता.)

२० ऑक्टोबर, सकाळी ७
व्याह्यांना फोन केला. गाडी सर्व्हिसिंगला आहे, एसटीनं पाठवा. ते हसल्यासारखे वाटले. रेंज नसेल.

दुपारी १
लेक-जावई कानिफनाथच्या पिकअपमधून उतरले. हिनं परस्पर पाठवला होता त्याला. त्यानं चहा घ्यायच्या आधी फ्यूजबॉक्स उघडून पंपाचा रिले उपटला. पिनांवर हिरवा गंज, खाली कुंकवाचा चिखल. सर, हितं कुंकू कुनी वाह्यलं, म्हणाला. जावई आकाशकंदील बघू लागले. स्नेहल हळूच म्हणाली, पप्पा, मी रस्ताभर पंकजला सांगत होते, आमचे पप्पा गाडी स्वतः दुरुस्त करतात.
ती हसली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
गाडीची पूजा हिनं केली. बोनेटवर, कोरडी. मला फाटकापाशी उभं केलं होतं. नवा रिले बसवून किल्ली कानिफनाथनं फिरवली.
पंप गुणगुणला. मी तिथूनच हात जोडले.