खेचराचं शिंगरू

४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक शुभाशीर्वाद, वि. वि.

सोमवारी पहाटे नेहमीसारखा कंदील घेऊन तबेल्यात गेलो. देवाचं नाव घेतलं आणि चंदीच्या दाण्यांचं पिंप उघडण्याआधी दावणीवरून नजर फिरवली. तांबड्या घोडीचे दिवस भरले होते, म्हणून आधी तिच्याकडे पाहिलं. ती व्यायली होती, पण शिंगरू तिच्यापाशी नव्हतं. ते मावशीच्या पोटाखाली उभं होतं.

मावशी म्हणजे आमची थोरली खेचर. डोंगरावर पाण्याची टाकी बांधायचं काम सुरू झाल्यापासून सगळ्यांत जड गोण्या तीच वर नेते, म्हणून मुकादमापासून पोऱ्यापर्यंत सगळे तिला मानाने मावशी म्हणतात. मधला आडवा बांबू तिने छातीने मोडला होता. तांबडी पहिलटकरीण. ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, आणि मावशी मध्ये आडवी राहून तिला जवळ येऊ देत नव्हती. मी पुढे झालो तर कान पाडून पाय उचलला. इतकी वर्षं मी तिला खरारा करतो, माझ्यावर पाय उचलायची ही पहिलीच वेळ. शेवटी तांबडीचा चीक बाटलीत काढून शिंगराला पाजला. पाजून झाल्यावर ते परत मावशीखाली जाऊन तिची कोरडी कास ओढत राहिलं.

नालबंद आला होता. तो मावशीची बाळंतीण म्हणून विचारपूस करून गेला, वर म्हणाला की खेचराला शिंगरू झालेलं बघायचं भाग्य त्याच्या आजोबांनाही नव्हतं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. खेचराला पोर होत नाही हे लहानपणापासून ऐकत आलो, पण का होत नाही हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, देवाने दिलं नाही तर त्याची ओढही दिली नसेल. पण ओढ दिलेली आहे. तू मुलांना हेच शिकवतेस ना, मग मला नीट कळेल असं लिही.

तुझी पोर टिटवी मजेत आहे. पुढचा दात पडला. तो तिने चंदीच्या पिंपात पेरला आहे आणि रोज उकरून बघते. वहिनीचे गुडघे आहेत तसेच. मेहुण्यांना नमस्कार. औषध संपलं म्हणून दूध चुकवू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


१५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी थोरल्या मुलांच्या वर्गात वाचून दाखवलं. दाताचा भागसुद्धा. एकाने विचारलं की दात उगवला का. कळव.

आता तुझा प्रश्न. फार पूर्वी घोडा निराळा आणि गाढव निराळं असं काही नव्हतंच. एकच कळप होता. त्यातले काही गवताळ सपाटीवर गेले, काही कोरड्या, खडकाळ मुलखात राहिले, आणि मध्ये असं काही आलं की त्यांची गाठ पडेना. दोन्हीकडे प्रत्येक पिढीत थोडाथोडा फरक पडतच होता. सपाटीवर ज्याचे पाय लांब तो वाचला, खडकात ज्याचा खूर अरुंद आणि पोट काटक तो वाचला. वाचला त्याला पोरं झाली. इकडचा फरक तिकडे पोचवायला कुणी उरलं नाही, म्हणून फरक साठत गेला.

अंगाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं म्हणून धागे असतात, निम्मे आईकडचे, निम्मे बापाकडचे. आज घोड्याचे चौसष्ट आहेत, गाढवाचे बासष्ट. मावशीला घोडीकडून बत्तीस मिळाले आणि गाढवाकडून एकतीस. त्यांच्यावर अंग दणकट बनतं, मन बनतं, हट्टही बनतो. पण पुढचं बीज तयार व्हायचं तर त्या धाग्यांच्या जोड्या जमाव्या लागतात आणि तिच्या जमत नाहीत. यात तिची चूक नाही. गेल्या जन्मीचंही काही नाही, हे तू मनात आणलं असशील म्हणून मुद्दाम लिहिते.

मुलं हमखास विचारतात की मग पहिला घोडा कोणत्या दिवशी जन्मला. मी सांगते, असा दिवस नाही. कुठल्याच आईने कधी परक्या जातीचं पिल्लू घातलेलं नाही. प्रत्येक पिल्लू आपल्या आईसारखंच होतं, तरी शेवटी दोन जाती झाल्या. हे मुलांना पटत नाही. मलाही सांगताना दर वर्षी थोडं चमत्कारिक वाटतं.

आता महत्त्वाचं. डॉक्टरांनी छातीचा नवा फोटो पाहिला. फुप्फुस स्वच्छ आहे, आता पुन्हा उलटायची भीती नाही म्हणाले. मी दवाखान्यात पडले तेव्हा अंगावरचं पोर वहिनीच्या हातात दिलं होतं. दोन महिन्यांत नेईन म्हणाले होते. मग दुखणं उलटलं, मग यांच्या कामाच्या पाळ्या, मग माझी नोकरी. पोर सहा वर्षांची झाली. शाळा उघडायच्या आत टिटवीला घरी आणायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. तुम्ही दोघांनी जे केलं ते फेडायचं म्हटलं तर मला मावशीसारखं लोखंडी पाठीचं व्हावं लागेल. कधी आणून सोडतोस ते कळव.

वहिनीला नमस्कार सांग. आजवर जसा जीव लावलास तसाच लाव.

तुझी
धाकटी


२ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. धाग्यांचं तिला लगेच कळलं, विणणारी बाई आहे. शेवटचा भाग चष्म्यामुळे वाचायचा राहिला.

दात उगवलेला नाही. पिंप उंदरांनी उकरलं असा टिटवीला संशय आहे.

शिंगरू अजून मावशीपाशीच आहे. मी मधला मार्ग काढला. तांबडीचं दूध हाताने काढतो, बाटलीने पाजतो, आणि ते मावशीला बिलगून झोपतं. दोघींचंही मन मोडत नाही. मावशी त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून पोर ओझ्यामागून वरपर्यंत चालतं. मुकादम ओरडतो की इथे टाकी बांधायची आहे, पाळणाघर नाही. नालबंद मला माय मरो पण मावशी जगो ही म्हण ऐकवतो. मी म्हणतो, दोघीही जगू देत की, जागा आहे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. परवा मावशीच्या कासेला हात लावला तर बोटं ओली झाली. तिला पान्हा फुटला आहे. थेंब-दोन थेंब, त्यावर मांजराचंही भागणार नाही. मी जपाला बसलो पण माळ पुढे सरकेना. पान्हा दिला आणि दूध दिलं नाही, हा हिशेब मला देवाकडे मागावासा वाटला. मागितला नाही.

टिटवीला थोडा खोकला आहे. शिवाय उन्हं फार आहेत, गाडीत पोर सुकून जाईल. मुकादमाची बायको मजुरांच्या मुलांना शिकवते, तिच्यापाशी टिटवी शंभरापर्यंत शिकली. पाऊसपाणी होऊन हवा निवली की बघू. तुझ्याही अंगात पूर्ण ताकद येऊ दे. घाई कसली आहे.

मेहुण्यांना नमस्कार. रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
दादा


१२ मे

ती. दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी तुला माझ्या मुलीबद्दल लिहिलं आणि तू मला घोडीबद्दल उत्तर दिलंस.

चष्मा बदल. खर्च मी देते.

गेल्या रविवारी मुकादमाच्या खोलीतल्या फोनवर टिटवी माझ्याशी बोलली. बोलली म्हणजे वहिनीने मागून सांगितलं तेवढं म्हणाली. मग फोन बाजूला धरून तिने वहिनीला विचारलं की ही फोनातली आई चालते का, हिला पाय आहेत का. वहिनी हसली. मीही हसले.

दादा, ती तुझ्यासारखी खाकरते. वहिनीसारखी वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणते. जनावराला हाकारल्यासारखं जिभेने टक्क करते आणि मग बोलते. यात वाईट काहीच नाही, मला ते ऐकायला आवडतं. पण मी मुलांना जे शिकवते ते मला आता रात्रंदिवस दिसतं. वेगळे व्हायला भांडण लागत नाही. भिंत लागत नाही, कुणाच्या मनात वाईट यावं लागत नाही. फक्त गाठ पडायची थांबावी लागते. मग थोडाथोडा फरक साठतो आणि ती माझी मुलगी नेमकी कोणत्या दिवशी राहिली नाही, तो दिवस कुणाला दाखवता येत नाही. हवा निवायची वाट बघितली तर मागून थंडी येईल, थंडीत पुन्हा खोकला येईल. मला तुमचा राग नाही. राग असता तर सोपं गेलं असतं.

तू पोर ठेवून घेतलीस म्हणून मी जगले, हे मला रोज आठवतं. म्हणूनच मी तिथे येऊन तिला ओढून आणणार नाही. तूच पाठव. मी वाट बघत बसण्यापलीकडे काही करू शकत नाही.

माझ्यावरची माया कमी केलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी
धाकटी


२९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा टिटवी तुझ्या घरात असेल.

माझा मधला मार्ग चालला नाही. तोंडाने ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर तांबडीचं दूध आटत चाललं. हाताने कितीही काढलं तरी कासेला फसवता येत नाही. शिंगराच्या फासळ्या दिसू लागल्या. टिटवी बाटली धरून बसली होती. तिने विचारलं की हे पोर कुणाचं. मी म्हटलं, तांबडीचं. मग ते मावशीकडे का राहतं, तर म्हटलं, मावशीचा त्याच्यावर फार जीव आहे. तिने शिंगराच्या पोटावरून हात फिरवला आणि विचारलं की मग ते सुकलं का. मी बाटली धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मावशीला कुंपणापलीकडे बांधलं आणि शिंगरू तांबडीला लावलं. पण मावशी ओरडली की ते कास सोडून कान टवकारायचं आणि कुंपणाकडे पळायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी ते पाय फाकून उभं राहिलं, बसायचंही त्राण उरलं नव्हतं. तेव्हा मावशीचा दोर सोडला आणि तिला घेऊन चढ चढलो, वरच्या तळावर, खिंडीच्या पलीकडे. तिथून हाक खाली येत नाही. वाटेत ती अडली नाही. आपल्याला ओझं न्यायला काढलं आहे असं तिला वाटलं असेल. खाली येऊन मी तांबडीचं तोंड धरून उभा राहिलो. ती थरथरत होती. उजाडताना पोराने तोंड लावलं आणि तिने पहिल्यांदा मान वळवून त्याला हुंगलं. आता दूध उतरतं आहे. मावशी चंदी खात नाही, पण गोण्या वाहते.

मग मी वहिनीसमोर तुझं पत्र काढलं आणि राहिलेला भाग वाचायला लागलो. ती म्हणाली, राहू दे, तुमचा चष्मा बरोबर त्याच ओळीवर धूसर झाला तेव्हाच मला कळलं होतं. पेटीतून तिने एक दप्तर आणि दोन फ्रॉक काढले. तिने ते कधी शिवले ते मला माहीत नाही. एका खोलीत राहतो आम्ही.

आज सकाळच्या गाडीने ती टिटवीला घेऊन निघाली. मी आलो नाही. वहिनी चार दिवस राहील, राहते म्हणाली तरी जास्त ठेवून घेऊ नकोस. टिटवी झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर काढते, तो आत घेऊ नकोस, जागी होते. दूध गार पिते. पहिले काही दिवस ती तुझ्याकडे पाठ करून बसेल. तू तिथेच बस, तांबडीने मान वळवायला वेळ घेतला, पोरालाही वेळ लागतो. तुला पाय आहेत हे ती आधी बघेल.

रविवारी मला फोनवर बोलवू नकोस. मुकादमालाही सांगितलं आहे की टिटवीचा फोन आला तर मी वर गेलो आहे म्हणावं. मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून रविवारी खरंच वर जाईन. मावशीचा खरारा राहिला आहे.

तू लिहिलंस ते आता इकडून खरं होईल. ती थोडीथोडी तुमची होईल. खाकरणं जाईल, 'बरं का' जाईल. ते कोणत्या दिवशी गेलं हे तुलाही सांगता येणार नाही, म्हणून मला कळवायचा प्रयत्न करू नकोस. देवापुढे बसतो. काही मागत नाही, नुसता बसतो.

मेहुण्यांना नमस्कार. दोघांची प्रकृती सांभाळा आणि या म्हाताऱ्या भावावर आहे तेवढा लोभ असू दे.

गाडीत बसल्यावर टिटवीने मला विचारलं होतं की तिथून हाक मारली तर ऐकू येईल का. मी म्हटलं, नाही येणार. गाडी हलली तशी मी तबेल्याकडे वळलो. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा तिने खिडकीतून हाक मारली. स्वच्छ ऐकू आली. मी ओ दिली नाही.

तुझा
दादा