कमानीची खडी

१४ नोव्हें. १९७७
साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. सकाळपासून शाळेच्या रस्त्याने उसाचे ट्रक. आमच्या कुसुमला जाऊन येत्या जानेवारीत वर्ष होईल. रस्ता तसाच. ट्रक आला की मुली सायकलीसकट कडेच्या चरात उतरतात. ज्या उतरत नाहीत त्या...
गाव ते शाळा, कडेने पाच फुटांची वाट हवी. पायी आणि सायकलींसाठी. एवढेच मागितले आहे. चौथा अर्ज.

२ डिसें.
सांगलीला जिल्हा परिषदेत जाऊन आलो. कारकुनाने निधी कशाकशाला मिळतो ते वाचून दाखवले. रस्ता, गटार, विहीर, स्मारक. सायकलींची वाट नाही. "रस्ता हायच की मास्तर, त्येच्यावरनंच सायकली जात्यात."
एस.टी.त उभा राहून परत. हिने ताट वाढले.

९ डिसें.
बाबूराव मेंबर शाळेत आले. "वाटंला पैसा न्हाई, पर स्मारकाला हाय. पोरीचं नाव द्या, ठराव मी आनतो. आवं, मेलेल्या लेकराच्या नावाला कोन न्हाई म्हनंल?"
कु.चे नाव दगडावर नको. मला रोज तिथून जायचे आहे.

१२ डिसें.
सातवीत एकच गणित दोनदा घातले. मुलांनी दोन्हीदा उतरवून घेतले. पूर्वी हसली असती.

१५ डिसें.
हिला मेंबरांचे म्हणणे सांगितले. तांदूळ निवडत होती. मग, "नावानं वाट हुत असंल तर द्या. सायकल तुमीच घिऊन दिली हुती."
हे तिने आजवर म्हटले नव्हते. मेंबरांच्या कागदावर सही केली.

६ जाने. १९७८
ठराव मंजूर, निधीही. मेंबर पेढे घेऊन आले. घरी नेले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत ठेवले, कोणी हात लावला नाही.

१९ जाने.
रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर खड्डे घेतले आहेत. ज्ञानू मुकादमाला विचारले. "कमान हाय मास्तर. वर ताईंचं नाव, शिमिटात." आणि वाट? "वाटंचं मला काय म्हाईत न्हाई बा."
तसाच मेंबरांकडे गेलो. "स्मारक म्हंजे लांबनं दिसाय नगं? वाट कुनाला दिसती? फुडच्या साली वाट बी करू की. पाहुनं ठरलंत उद्घाटनाला."
कागदावर 'स्मारक' एवढेच होते. सही करण्यापूर्वी मी तो वाचला होता. वाट हा शब्द नाही हे दिसले होते. वाटले, वाटच हवी हे मेंबरांना माहीत आहे.

३१ जाने.
खडी येऊन पडली. ढीग बरोबर कडेला, मुली चरात उतरतात तिथेच. आता उतरायलाही जागा नाही.
मधल्या सुट्टीत उभा राहून पाहिले. ट्रक आला. पुढची मुलगी ढिगाला वळसा घालून रस्त्याच्या मध्ये. हॉर्न. वाचली. मागची हसत होती.
कु.च्या नावाची खडी.

१ फेब्रु.
शाळेआधी घमेले-फावडे घेऊन गेलो. खडी उचलून गावाच्या बाजूने चरात भरत गेलो. पाच फूट रुंद, अंदाजाने.
ज्ञानू धावत आला. "आवं मास्तर, कमानीची खडी हाय ती! माज्या ताब्यात दिलीया!" थांबलो नाही. तो बराच वेळ ओरडला. मग म्हणाला, "वर मुरूम टाकाय लागतोय, अशानं ट्यूबा फुटतील पोरींच्या." आणि मेंबरांना सांगायला गेला.
दोन मुली सायकली हातात धरून त्यावरून चालत आल्या. चालवता येत नाही अजून.

३ फेब्रु.
ग्रामपंचायतीचे पत्र, शाळेच्या पत्त्यावर. माल हलवल्याबद्दल लेखी खुलासा घेऊन उद्या अकराला हजर व्हावे. हेडमास्तर म्हणाले, माफी लिहून द्या, मिटेल. मेंबरांचा निरोप: सोताच्या लेकीच्या स्मारकाला बाप आडवा आला, गाव काय म्हनंल?
खुलासा लिहायला बसलो. "मी खाली सही करणार" एवढेच झाले आहे.
ही चहा ठेवून तिथेच उभी राहिली. "वाट कुठवर आलीया?"
"चौतीस पावले."
"आन् खडी?"
"अर्धी आहे अजून."
"अकराला जायचं न्हवं तुमास्नी?" घमेले एकच होते. ती शेजारून दुसरे घेऊन आली. "मग सातला निघू."