निळा पडलेला खडा

इंदिरानगर, नाशिक

श्रीयुत सहादूराव यांस त्यांचे मेहुणे झुंबर यांचा सप्रेम नमस्कार.

पेठला सगळी मंडळी खुशाल असतील. तुमची कंबर आता कशी आहे? आपल्या भगिनी लताबाई चार दिवसांपूर्वी माझ्यावर रागावून तिकडे आल्या, त्या सुखरूप पोचल्याचं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं (मी चौकशी केली नव्हती, त्यानंच सांगितलं). त्यांना परत बोलावण्यासाठी हे पत्र नाही. फोन मुद्दामच केला नाही; तुमच्याकडे तो स्पीकरवर ठेवून सगळं घर ऐकतं.

विषय खड्याचा आहे. विहीर खोल करताना काळ्या चिखलात, जुन्या हाडांशेजारी सापडलेला तो खडा तुम्ही मला दिलात, तेव्हा तो काचेसारखा होता, किंचित हिरवट. इतकी चांगली वस्तू कोणी फुकट का देतं, हा प्रश्न मला परतीच्या एसटीतून द्वारका चौकात उतरेपर्यंत छळत होता. नाशकात दगड जमवणारे पुष्कळ, म्हणून मी खबरदारी घेतली. सराफाकडे वजन करून आणलं (बावन्न ग्रॅम), फोटो काढला आणि रोज सकाळी गॅलरीत उन्हात धरून, खडा तोच आहे ना, हे अर्धा तास तपासू लागलो. आठवड्यात तो निळसर दिसायला लागला! म्हणजे कोणीतरी बदलला. पुन्हा वजन केलं, तर बावन्नच. चोर किती तयारीचा बघा, वजनसुद्धा जुळवून आणलं.

पहिला संशय शेजारच्या रवीवर, कारण तो हल्ली विनाकारण नमस्कार करतो. म्हणून तपासणी दोन तासांची केली, तर खडा शाईसारखा निळा झाला. घरात आम्ही दोघंच. मी स्वतःवरही संशय घेऊन पाहिला, पण पुरावा मिळेना. मग लताबाईंना एवढंच विचारलं, की खरा खडा गुपचूप भावाला परत पाठवलास का? "सांभाळा तुमचा खडा," म्हणाल्या आणि पिशवी भरली.

शेवटी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मीना मॅडमना खडा दाखवला. त्यांनी माझ्यादेखत त्यावर नख ओढलं, तर ओरखडा उठला. मग पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासला. रेघ आधी पांढरी आली, थोड्या वेळानं निळसर झाली (मला फरशीचाच संशय आला, मी ती हुंगूनही पाहिली). "काका, हा व्हिवियानाइट," त्या म्हणाल्या. "लोखंडाचं फॉस्फेट. चिखलात हाडांपाशी तयार होतो, पण असा खडा फार क्वचित मिळतो. उजेड लागला की निळा पडतो, अंधारातच ठेवायचा असतो. उन्हात कोणी धरला?"

मी म्हणालो, शेजाऱ्यानं.

तर सहादूराव, खडा कोणीही बदलला नव्हता. मीच तो रोज तपासून तपासून निळा केला. कळावे.

आपला,
झुंबर

ता. क. : घर खायला उठतं. सकाळी सवयीनं दोन कप चहा करतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात, पित्त वाढलंय. पण जावयानं बोलावल्याशिवाय सासुरवाडीला यायचं कसं? तेव्हा विहिरीची पूजा, नातवाचा वाढदिवस, काहीही काढा आणि मला बोलावणं धाडा. माफी मी सगळ्यांसमोर मागेन.

ता. क. २ : हे पाकीट तुमच्याआधी लताबाईच फोडतील, असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर, लता, माझं चुकलं. परत ये. आणि मी तीनदा डिंक लावला होता, तरी उघडलंसच ना?