थोरलीचा घमघमाट

सौ. जाऊबाईंना,

तुम्ही दोघं वेगळं घर करून गेलात, जाताना अत्तराचा घमघमाटही घेऊन गेलात. मला वाटलं, सुटले एकदाची. तुम्ही जिन्यात असायचात आणि इकडे माझ्या भाजीला तुमचा वास लागायचा. एवढं अत्तर थापणाऱ्या बाईला मिरवायची हौस असते, असं मी तुमच्या तोंडावरही म्हटलंय. तुम्ही नुसत्या हसलात.

आता सासूबाईंची उरलीसुरली नजरही गेली. गोळी द्यायला हात धरला की दचकतात, "कोण?" म्हणतात. परवा मी वैतागले. म्हटलं, "घरात आहे कोण माझ्याशिवाय?"

तर म्हणाल्या, "थोरली यायच्या आधी तिचा वास यायचा गं. मग मी सावरून बसायचे. माझ्यासाठीच लावायची ती. तिचं स्वतःचं डोकं दुखायचं त्यानं."

दुसऱ्याच दिवशी मीही एक बाटली आणली, मोगऱ्याची. मी दारात असतानाच सासूबाई हसल्या. "धाकटी आली. वासही तुझ्यासारखाच धांदरट आहे, पण कळतं बाई."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही लगेच तुमची बाटली पाठवून द्याल, तुमचा स्वभावच तो. आणि ती लावून गेले की सासूबाई मला तुम्ही समजतील. आत्ता कुठे त्या मला ओळखायला लागल्यात, जाऊबाई.

तुमची,
धाकटी