आमच्या गल्लीतली पाटी

शिकागो, ४ मार्च

आई,
आधी तुझा आशीर्वाद दे, मग बातमी वाच. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

कागदपत्रं नसलेल्यांना पकडायला पडणाऱ्या धाडींच्या निषेधासाठी इथल्या आपल्या मेक्सिकन लोकांनी महिनाभर खरेदी बंद ठेवली. गल्लीतली मोठी पाटी मीच रंगवली: ‘काही विकत घेऊ नका.’ कुठे शिकलो नाही, तरी अक्षरं पट्टीशिवाय सरळ आली.

लोकांनी पाटी मनापासून पाळली, माझ्या तोर्तियांच्या दुकानातही. चुन्यात भिजवलेला मका थांबत नाही, आंबतो, म्हणून त्याच्या पोळ्या, तोर्तिया, करून फुकट वाटल्या. शेवटी बारा वर्षं तव्यापाशी उभ्या राहिलेल्या ओर्तेन्सियाला घरी बसायला सांगावं लागलं.

ॲप्रन खुंटीला लावत ती म्हणाली, “मालक, मोठ्या दुकानांना शिंकही आली नाही, ताप मला चढला. अक्षर मात्र सुरेख हो.”

निषेध चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही. पण कोणाकडून घ्यायचं, हे लिहायचं राहिलं होतं. काल शिडी लावून खाली लिहिलं, ‘आपल्या गल्लीत घ्या.’ जागा पुरली नाही, ओळ वाकडी झाली. तशीच ठेवली आहे.

ॲप्रन अजून खुंटीवरच आहे. ओर्तेन्सियाला लवकर परत बोलावता यावं म्हणून चर्चमध्ये एक मेणबत्ती लाव.

तुझा लेक,
एव्हारिस्तो